लहू तांडेल पाण्यात उतरतो

शिवडीच्या कोळीवाड्यात लहू तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, मान होता. आपली बोट कधी रिकामी परतली नाही असं तो सांगे, आणि लोक निदान त्याच्या तोंडावर तरी ते खरं मानत. त्याची मुलगी किर्ती इंजिनीअर झाली आणि भरसमुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर तिला नोकरी लागली, तेव्हा त्याने घरोघरी पेढे वाटले. खरं तर या प्लॅटफॉर्मांवर त्याचा जुना राग. त्यांच्या पायांशी मासळी खच्चून जमते आणि तिथेच जाळं टाकायला बंदी. पण आता पोरच तिथे जाणार म्हटल्यावर राग गिळणं आलं. "देशाच्या चुली आता माझे पोरीचे हातान," असं तो धक्क्यावर सांगत सुटला.

आणि एका संध्याकाळी किर्ती घरी आली ती पडलेल्या चेहऱ्याने. प्लॅटफॉर्मवर जाणाऱ्याला आधी पाण्यातली परीक्षा द्यावी लागते. हेलिकॉप्टरचा सांगाडा तलावात बुडवून उलटा करतात, आत बसलेल्याने खिडकीतून बाहेर पडायचं. किर्तीला पोहता येत नव्हतं. कोळणी मासळी विकतात, बोटीवर जात नाहीत, तिला शिकवणार कोण? ती आतच घाबरून गेली आणि तिला ओढून काढावं लागलं. महिन्याने आणखी एक संधी होती. ती हुकली की नोकरी गेली.

"कोळ्याची पोर आणि पोहता येत नाही, म्हणून सगळे हसले," ती म्हणाली. "बाबा, तू शिकव ना मला."

दुसऱ्या दिवशी लहूची कंबर धरली. तिसऱ्या दिवशी बोटीचं इंजिन बिघडलं. मग त्याची बायको दमयंती, जी लालबागच्या बाजारात भल्याभल्यांना भाव शिकवते, तिने विचारलं, "पोरीची नोकरी जाल तवा तोंड उघडशील काय?"

लहू खाली बघत किर्तीला म्हणाला, "बाय, मना पोवता येत नाय."

किर्तीला आधी थट्टाच वाटली. पण लहूच्या आजाने त्याला बजावलं होतं, वादळात पोहणारा माणूस बोट लवकर सोडतो, आणि ज्याने बोट सोडली तो गेला. म्हणून शिकायचंच नाही. पुढे तांडेल झाल्यावर हे कुणाला सांगायची सोय उरली नाही.

"दादरच्या तलावावर क्लास असतात," किर्ती म्हणाली. "पण तिथे सगळे ओळखीचे. माझी फजिती झाली तेवढी पुरे."

"आदी माझी होऊ दे," लहू म्हणाला. "मंग तुझी कोन बघनार?"

आणि खरंच, डोक्यावर निळी टोपी चढवून लहू तांडेल लहान पोरांच्या रांगेत उभा राहिला. छातीएवढ्या पाण्यात त्याने काठाचा दांडा असा धरला, की शिकवणाऱ्यालाही तो सोडवेना. सुटला तेव्हा सरळ तळाशी गेला आणि पोटभर पाणी पिऊन वर आला. शेजारची एक चिमुरडी म्हणाली, "आजोबा, पाय मारा ना." किर्ती किती दिवसांनी हसली. मग तीही उतरली आणि तिने बापाच्या पोटाखाली हात धरला. त्या हातावर लहूला जे सुख वाटलं, ते त्याने दमयंतीलाही सांगितलं नाही.

बापाच्या आधी किर्तीच पोहायला शिकली, आणि महिना भरला तेव्हा परीक्षा पास झाली. ज्या सकाळी हेलिकॉप्टर तिला घेऊन गेलं, त्या दिवशी धक्क्यावर जाळी विणणारे सगळे खूश होते.

"तांडेल, पोरीला पोवायला तूच शिकवलंस ना?" कुणीतरी विचारलं.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. लहूच्या मनात ते आलंही.

"नाय रे," तो म्हणाला. "मनाच येत नव्हता. तिनं मना शिकवला."

जाळ्यावरचे हात थांबले. कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने म्हातारा दगडू तांडेल, ज्याच्या हाताखाली अर्धा कोळीवाडा दर्या शिकला होता, तो लहूच्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "त्यो क्लास कवा असतो रं?"