खातीपुऱ्याहून प्रवेश नाही

गौतमीच्या घरी चहाला बसलेल्या तिच्या साहेबांनी, वसंतरावांनी, कप ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

“घरून?”

“हो जी साहेब!” गुलाबराव रंगात आले होते. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाल्यापासून मुलीचं कौतुक हाच त्यांचा उद्योग होता. “आमची पोरगी इथं बसून अख्खं हापीस उघडते. खातीपुऱ्यातून!”

“बाबा,” गौतमी म्हणाली. पण उशीर झाला होता.

विमा कंपनीच्या जयपूर कार्यालयातला सर्व्हर ती सांभाळत असे. पॉलिसीधारकांची सगळी माहिती त्यावर. गेल्या वर्षी तिने तो असा बंदिस्त केला, की ठरवून दिलेल्या शाखांच्या इंटरनेट पत्त्यांखेरीज कुठूनही कुणी आत येऊ नये. वसंतरावांनी आपल्या मानसरोवरच्या घरचा इंटरनेट पत्ता त्या यादीत घालायला सांगितलं, तेव्हा तिने त्यांनाही नकार दिला होता. उद्या दिल्लीचं तपासणी पथक येणार होतं. बाहेरून वाट नाही, या दाखल्यावर सही वसंतरावांची. त्याचेच कागद समजून घ्यायला ते आज, रविवारी, आले होते.

“मला नियम आणि स्वतःला सवलत. वा!” त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “उघडा. माझ्यासमोर.”

गौतमीने कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं आच्छादन काढून घडी घातली. ब्रॉडबँडचा दिवा हिरवा झाल्यावर तिने सर्व्हरचा पत्ता भरला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर आलं: संपर्क होऊ शकत नाही.

“पासवर्ड चुकला असेल.”

“तो विचारलाच नाही, सर. कोण आलंय ते नंतर. कुठून आलंय ते आधी.”

वसंतरावांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला, आकडे एकेक करून पुन्हा भरले. तेच उत्तर.

“आणि सुटीच्या दिवशी काही बिघडलं तर?”

“स्कूटी आहे.”

गुलाबराव पडद्याकडे, मग मुलीकडे पाहत राहिले. “मतलब... तुला घरून काहीच करता येत नाही?”

“नाही, बाबा. घरी मी फक्त वाचत बसते.”

वसंतरावांनी गार झालेला चहा संपवला. निघताना दारात थांबून म्हणाले, “उद्या पथकाला तुम्हीच समजावून सांगा. मी शेजारी बसेन.”

गाडी वळण्याआधीच शेजारचे हिंदुराव कुंपणाशी आले. “काय गुलाबराव, साहेब कसे काय?”

“पोरीचं काम पाहायला. असं केलंय तिनं, साहेबाला तर नाहीच, तिला स्वतःलाही घरून आत जाता येत नाही!”

“अरे! मग यात मोठं काय?”

“बस, सांगतो.” गुलाबरावांनी खुर्ची ओढली. “ते मशीन आहे ना, ते माणसाचं बोट ओळखतं. कळ दाबली की लगेच.”

हे साफ चूक होतं; मशीन बोट नाही, जागा ओळखत होतं. खिडकी उघडीच होती. गौतमीने आच्छादन पुन्हा कॉम्प्युटरवर पसरलं, त्याच्या कडा सारख्या केल्या, आणि ऐकत राहिली.