मोटारीजवळचा पाहुणा

धम्मानंद संपाच्या चौकोनी तोंडाशी पालथा पडला होता आणि त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत आत गेला होता. अंगात नवा आकाशी शर्ट. शेजारी मी उभी, कडेवर तेजू, हातात रंगीत कागदात बांधलेली भेट. जमिनीखालच्या टाकीला आमच्या हैदराबादेत संप म्हणतात. नळाचं पाणी आधी तिथं पडतं आणि मोटार ते गच्चीवर चढवते. त्या दिवशी, घरमालक मुकुंदरावांच्या मुलीचा, स्नेहाचा, साखरपुडा असताना, मोटार नुसतीच घुमत होती. पाणी चढत नव्हतं.

मुकुंदराव रेशमी कुडता सावरत वाकून बघत होते.

"बेटा, पाहुणे दारात आलेत आणि हात धुवायला थेंब नाही. तूच काहीतरी कर."

"हौ काका. हवा धरलीय. खालच्या व्हॉल्वमध्ये कचरा अडकलाय. आत्ता होतं."

आम्ही त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, म्हणजे जिना उतरून आम्ही पाहुणे म्हणून आलो होतो. दारातून आत जायच्या आधीच मुकुंदरावांनी हाक मारली आणि धम्मानंद तिथूनच अंगणाकडे वळला.

या आमंत्रणाचं त्याला काय वाटलं होतं, ते मला ठाऊक होतं. लग्नानंतर हैदराबादच्याच हिमायतनगरात आम्ही खोल्या शोधत फिरलो. खोली पसंत पडायची, बोलणं गोड व्हायचं, मग आडनाव विचारलं जायचं आणि खोली नेमकी कालच कुणाला तरी देऊन झालेली असायची. नारायणगुड्यात मुकुंदरावांनी आडनाव ऐकलं आणि किल्ली हातावर ठेवली. आपल्याच मराठवाड्याकडचे, शेतकरी घरातले, दोन पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. धम्मानंद त्या दिवशी जिना चढताना गुणगुणत होता.

त्या ओल आलेल्या दोन खोल्या त्यानं हातानं उभ्या केल्या असं म्हटलं तरी चालेल. विमा कंपनीत दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, पण रविवार आला की हाफ पँट आणि कानावर पेन्सिल. पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंग दिला. जामबागेतल्या फर्निचरच्या दुकानांतून उरलेले प्लायचे तुकडे आणून माझ्यासाठी स्वयंपाकघरात फळ्या केल्या. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा आणि तो संपायच्या आत उठून भोक पाडायला घ्यायचा. पहिली फळी तिरकी झाली, डबे घरंगळत एका कोपऱ्यात जमायचे. मी हसले तर म्हणाला, बरंय की, साखर आपोआप हाताशी येते. पोटात तेजू होती तेव्हा तिचा पाळणा केला. त्याच्या कडा इतक्या घासल्या होत्या की मी गालावरून फिरवून बघायची.

मग कुसुमताईंनी, म्हणजे मुकुंदरावांच्या बायकोनं, त्या फळ्या बघितल्या.

आधी त्यांचा नळ झाला. नंतर खिडकीची जाळी, देवघराचा दिवा, गीझर. रविवारी खालून हाक यायची, "धम्मानंद, जरा ये रे," आणि हा जेवणाच्या ताटावरून उठायचा. कुसुमताई त्याला पोहे द्यायच्या, तू आमचा घरचाच म्हणायच्या. तो वर येऊन मला ते सांगायचा. घरचाच म्हणाल्या.

सासरे देगलूरहून राहायला आले, तेव्हा त्यांनी हे बघितलं. लेक पाना घेऊन खाली निघालेला. त्यांचं लहानपण गावात गेलं होतं. पाटलाच्या घरी लग्न असलं की त्यांच्या वडिलांनी लाकडं फोडायची आणि सगळ्या पंगती उठल्यावर मागच्या अंगणात जेवायचं. ते फार बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "आपल्या घरात काय बी कर. दुसऱ्याच्या दारी हत्यार घेऊन जाऊ नको. एकदा गेलं की मग ते रोजचं होतं."

धम्मानंद हसला. म्हणाला, अप्पा, हे हैदराबाद आहे. मला शौक आहे म्हणून करतो.

आणि मग कुसुमताई साखरपुड्याचं सांगायला स्वतः जिना चढून आल्या. "दोघांनी यायचं, लेकराला घेऊन. जेवायलाच यायचं." त्या गेल्यावर त्यानं नवा शर्ट घ्यायचं ठरवलं. स्नेहासाठी विकतची भेट नको म्हणाला. सागवानाची एक छोटी पेटी केली, झाकण उघडलं की आत आरसा. बिजागऱ्या बसवायला त्याला कधी इतका वेळ लागला नव्हता. आजवर त्या घरात तो नेहमी काम घेऊन गेला होता. या वेळी पंगतीत बसणार होता. तो हे बोलला नाही, पण आरशासमोर शर्टाची घडी मोडताना मला ते दिसत होतं.

मोटारीनं पाणी धरलं. वर टाकीत धार पडल्याचा आवाज आला तशी कुणीतरी टाळी वाजवली. धम्मानंद उठला. शर्ट पोटावर चिखलानं भरला होता. तो नळाखाली हात धूत होता आणि मी म्हणत होते, वर जाऊन बदलून ये पटकन, मी थांबते. तेवढ्यात मुकुंदरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता इथंच थांब बेटा. परत हवा धरली तर? पंगती होईस्तोवर लक्ष ठेव."

धम्मानंदानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, काका, कपडे बदलून येतो. तो हौ म्हणाला.

मला कुसुमताईंनी आत नेलं, तेजूला भूक लागली असेल म्हणून लवकर बसवलं. मी धम्मानंदाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "तो काय, घरचाच आहे. मागून जेवील." त्यांचे जावई, पुतणे, भाचे माझ्यासमोर बसून जेवत होते. तेही घरचेच होते. भेटीची पेटी त्यांनी उघडून बघितली, आरशात टिकली सारखी केली आणि फार छान झालीय म्हणाल्या. अशीच एक आमच्या जावेला करून द्यायला सांग.

मी माझं ताट अर्धंच सोडलं. तेजूला खुबानीचा मीठा, ते जर्दाळूचं गोड, भरवून मी तिला घेऊन बाहेर आले. धम्मानंद भिंतीला टेकून मोटारीच्या बटणाजवळ उभा होता. पुढच्या मांडवात मुलाकडचे अंबाजीराव म्हणून एक काका सुपारी कातरत मुकुंदरावांशी बोलत होते. मधे नुसतं एक कापड होतं.

"माणूस कामाचा दिसतो," अंबाजीराव म्हणाले. "कुठं मिळाला? आमच्या घरी बी पाठवा की एकदा."

"पाठवतो की. वरच राहतो आमच्या. नाही म्हणत नाही कधी." मुकुंदरावांच्या आवाजात कौतुक होतं, खरं कौतुक. "त्यांच्यात ते हातातच असतं बघा. शिकून ऑफिसात गेले तरी हात विसरत नाहीत."

अंबाजीराव हसले. सुपारीचं खांड त्यांनी मुकुंदरावांना दिलं.

मी धम्मानंदाचं मनगट धरलं. चल म्हटलं. तो हलला नाही. मला वाटलं त्यानं त्यांचं बोलणं ऐकलंच नाही, पण कान लाल झाले होते. शेवटची पंगत उठेपर्यंत तो तिथं उभा राहिला. मग मोटार बंद केली, संपाचं झाकण सरकवून नीट बसवलं आणि वर आला. कुसुमताईंनी मागोमाग ताट वाढून पाठवलं, भरपूर. त्यानं ते तसंच झाकून ठेवलं आणि सकाळच्या भातात दही कालवून खाल्लं.

मी त्या दिवशी खूप बोलले. खोली सोडू म्हटलं, खाली जाऊन विचारते म्हटलं. तो म्हणाला, "काय विचारशील? शिवी दिली का त्यांनी?"

खरंच, शिवी दिली नव्हती.

पुढच्या रविवारी खालून हाक आली. धम्मानंद गॅलरीत गेला आणि वाकून म्हणाला, "काका, एका प्लंबरचा नंबर पाठवतो. त्याला बोलवा." मुकुंदराव क्षणभर वर बघत राहिले. मग बरं म्हणाले. तेव्हापासून जिन्यात भेटले की ते हवापाण्याचं बोलतात. कुसुमताई मला विचारतात, काय बिघडलं गं याचं, आम्ही काय पोटच्या पोरापेक्षा कमी धरला होता का? त्यांना खरंच कळलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.

मला वाटलं होतं, खालची कामं सुटली तर रविवार आमचे होतील. तसं झालं नाही. न्हाणीघराच्या दाराची कडी निखळली, तिला त्यानं सुतळी बांधली. स्वयंपाकघरात नवी फळी हवी म्हटलं तर म्हणाला, विकत आण. रविवारी तो पलंगावर पडून मोबाईल बघतो. व्हिडिओ आता क्रिकेटचे असतात. एकदा मी मुद्दाम खिळा वाकडा ठोकला. पूर्वी त्यानं माझ्या हातातून हातोडी काढून घेतली असती. त्यानं कूस बदलली.

या उन्हाळ्यात कूलरचं गवत बदलायचं होतं. दर वर्षी हे त्याचं आवडीचं काम, जुनं गवत काढताना तेजूच्या अंगावर उडवायचं आणि दोघांनी शिंकायचं. यंदा त्यानं माणूस बोलावला. पांढऱ्या दाढीचे एक चाचा आले, गॅलरीत बसून तारा उसवू लागले.

"बाबा, तू नाही करणार?" तेजूनं विचारलं.

"चाचा करतात ना."

"तुला येत नाही का आता?"

त्यानं तिच्या केसांतून हात फिरवला.

जेवणाची वेळ झाली. काम अर्धं झालं होतं. धम्मानंद मला म्हणाला, चाचांचंही ताट घे, आपल्यासोबत. मी सतरंजीवर ताटं मांडली. चाचांनी हात धुतले पण आत येईनात.

"आप खा लो साब, मैं बाद में खा लेतूं."

"बाद में नहीं चाचा. अभी, साथ में."

"नक्को साब. इदरीच ठीक है. आदत है." असं हसून म्हणत त्यांनी आपलं ताट उचललं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले.

धम्मानंद मांडी घालून बसला होता तसा उठला. त्यानंही आपलं ताट उचललं आणि चाचांच्या एक पायरी खाली जाऊन बसला. खाली अंगणात मुकुंदराव पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली. धम्मानंदानं तिकडे बघितलं नाही. भातात बोटांनी आळं करून तो थांबला होता.

मी वरणाचं पातेलं घेऊन जिन्यात गेले आणि आधी चाचांना वाढलं.