फाटकापासून चौदावा

मी एक पाव बोलतोय. तुम्ही मला बघाल तर म्हणाल, अहो, हा तर दगड! म्हणा. मला राग नाही. शंभरावर वर्षं सगळे तेच म्हणत आलेत.

थॉर्नबॅरो छावणीच्या मोठ्या फाटकातून आत आलं की रस्त्याच्या कडेने पांढऱ्या रंगाचे चाळीस दगड लागतात. त्यातला चौदावा मी. बाकीचे एकोणचाळीस खरे दगड आहेत. माणसं चांगली आहेत, म्हणजे दगड चांगले आहेत, पण बोलायला फार कमी. तेरावा तर एकदाही बोलला नाही.

माझा जन्म पहिल्या महायुद्धातला. तेव्हा इथे दक्षिण इंग्लंडच्या या माळावर नुसते तंबू होते आणि चिखल होता. चिखलात वीस हजार माणसं, आणि जेवढी माणसं तेवढ्या शिव्या. मला भाजलं इनॉक पुडनी नावाच्या आचाऱ्याने. तो खरा पाथरवट. गावात थडगी घडवायचा. सैन्यात भरती करणारा कारकून विचारतो, "काय येतं तुला?" उत्तर छान अक्षरात लिहून घेतो, आणि मग भलतंच काम देतो. त्यामुळे पाथरवट भटारखान्यात आला, आणि जो खरा बेकरीवाला होता तो घोड्यांना नाल ठोकत बसला. त्याचे नाल दोन दिवसांत गळायचे.

पुडनीने मात्र जीव लावून काम केलं. मला त्याने मळलं, ठोकलं, कोपरे सारखे केले. भट्टीतून काढल्यावर बोटाने टकटक केली आणि कान लावून ऐकलं. चेहरा उजळला त्याचा. म्हणाला, "वा! एक भेग नाही!"

सकाळी रांग आली. पहिल्या शिपायाने मला सुरी लावली, सुरी वाकली. दुसरा म्हणाला, "पुडनी, याच्यावर नाव कोरायचं राहिलंय की रे, मेला कोण?" सगळे हसले. पुडनीही हसला, पण कान लाल झाले त्याचे. मला फळीवर ठेवून हळूच म्हणाला, "उद्या खाईल कुणीतरी."

हे मी धरून बसलो. पावाला दुसरं काय हवं असतं सांगा. कुणीतरी खावं, बस.

पण दुसऱ्या दिवशी जनरलसाहेब पाहणीला यायचे होते. सार्जंट-मेजर गारबट यांनी फाटकाशी चाळीस दगड चुन्याने रंगवून मांडले होते. जनरल यायला दहा मिनिटं उरली असताना दारूगोळ्याची गाडी एका दगडावरून गेली आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"एकोणचाळीस!" गारबट ओरडले. त्यांचा आवाज तीन तंबूंचे खुंटे उपटेल असा. "एकोणचाळीस ही संख्या सैन्यात नसते!"

"दोन तुकडे झाले म्हणजे एकेचाळीस झाले ना साहेब," फाटकाजवळच्या भटारखान्यातून पुडनी म्हणाला. बिचारा मदतच करत होता.

गारबट यांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागच्या फळीवर माझ्याकडे बघितलं. पुढचं काय सांगू! चुन्याची बादली, कुंचला, आणि मी रस्त्याकडेला. जनरलनी चालता चालता नेमकी मलाच छडी मारली. म्हणाले, "मजबूत दगड आहे. असेच हवेत."

झालं. जनरलचं नाव निघालं म्हटल्यावर मला हलवायची हिंमत कुणाची? पुडनी पुढच्या महिन्यात जहाजाने फ्रान्सला गेला. जाताना माझ्यापाशी वाकून बुटाची नाडी बांधली त्याने. ती आधीच बांधलेली होती.

तेव्हापासून एकच नेम. कुणी मोठं माणूस येणार असलं की आदल्या दिवशी आम्हाला रंग. जुना खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा. मी पावाएवढा होतो, होता होता भोपळ्याएवढा झालो. मधे तंबू गेले, पत्र्याच्या खोल्या आल्या, मग विटांच्या. घोडे गेले, रणगाडे आले. दुसऱ्या महायुद्धात आम्हाला हिरवा दिला, विमानांना दिसू नये म्हणून. मला एकदाही विमानाने बघितलं नाही, म्हणजे रंग चांगला असणार. एकदा एक शिपाई बादलीवर बसून डुलक्या घेत होता, त्याचे बूटही रंगवून झाले.

आता छावणीत शाळा आहे, दुकानं आहेत, पोहायचा तलाव आहे. रोज सकाळी सहाला पावाची गाडी माझ्यासमोरून आत जाते. कापलेले, पिशवीत घातलेले गुबगुबीत पाव. दुपारपर्यंत सगळे संपतात. मी बघतो. दुसरं काय करणार?

या वसंतात नव्या कमांडर आल्या, कर्नल लाउंड्झ. त्यांनी हुकूम काढला की रंग काढा आणि दगड मूळ रूपात दाखवा. हुकूम ऐकून भीतीही वाटली, आशाही. रंग निघाला तर कचऱ्यात जाईन, हे खरं. पण पाव आहे हे तरी कळेल ना कुणाला!

पाण्याचा जोरदार फवारा मारणारं यंत्र घेऊन दोघं आली. एक छावणीची माळीण डोरीन, एकतीस वर्षं इथेच राबलेली. दुसरा लान्स कॉर्पोरल बॅटी, सदा भुकेला. पहिला दगड धुतला. आतून निघाला मळकट तपकिरी.

"हे मूळ रूप?" बॅटी म्हणाला. "माझ्या सासऱ्याचं डोकं बरं यापेक्षा."

"तू धू बाळा, मूल्यमापन करू नकोस."

नववा झाला आणि दोघं चहाला बसली. मला वाटलं संपलं, आता दुपार होणार, मग पाऊस येणार. चहावर चहा झाला. बॅटीने तीन बिस्किटं खाल्ली. मी मोजली. शेवटी उठली. दहा, अकरा, बारा, तेरा.

फवारा माझ्यावर आला. पांढरं गेलं, मग गुलाबी आलं.

"हा गुलाबी आठवतो मला," डोरीन म्हणाली. "माझं लग्न झालं त्या वर्षीचा. पांढरा संपला होता, मग बालवाडीचा उरलेला फासला." गुलाबी गेलं, हिरवं गेलं, जुनं पांढरं गेलं. "थांब, थांब! यंत्र बंद कर!"

"का?"

"हा भाजलेला दिसतोय."

ती गुडघ्यावर बसली. नाक जवळ आणलं. माझ्या कडेचा अंगठ्याएवढा तुकडा सुटून तिच्या हातात पडला. तिने तो नखाने खरवडून बघितला. मग म्हणाली, "बॅटी, हा पाव आहे रे."

"काहीतरीच."

"बघ की."

बॅटीने तुकडा घेतला, उलटासुलटा केला, आणि त्याच्या नेहमीच्या सवयीने तोंडात टाकला. डोरीन किंचाळली. मी? मी दगडासारखा गप्प.

तेवढ्यात मागून कर्नलबाई आल्या. "लान्स कॉर्पोरल, तोंडात काय आहे?"

"दगड, मॅडम."

"कुठला?"

"चौदावा, मॅडम."

कर्नलबाईंनी माझ्याकडे बघितलं. खाली वाकल्या, बोटाने टकटक केली. त्या काय विचार करत होत्या ते मला कळत होतं. वरच्या साहेबांना कळवायचं तरी काय? की शंभर वर्षं सैन्याने एका पावाला रंग दिला, आणि जनरल त्याच्यासमोरून छाती काढून गेले?

"अजून कुणी पाहिलं?"

"फक्त आम्ही दोघं," डोरीन म्हणाली.

"रंग आणा. सगळ्यांना द्या. छावणीची परंपरा आहे ती." बाई चार पावलं गेल्या, थांबल्या, मागे न वळता हळू आवाजात विचारलं, "कसा आहे?"

बॅटी अजून चावत होता. त्याने सावकाश गिळलं. "मीठ कमी आहे, मॅडम. पण खराब नाही."

खराब नाही! इनॉक पुडनी, ऐकलंस का रे बाबा?

आता मी पुन्हा पांढरा आहे. डाव्या कुशीला अंगठ्याएवढा खळगा आहे, त्यावर रंग जरा जाड बसलाय. सकाळी पावाची गाडी जाते तेव्हा मी तिच्याकडे ताठ मानेने बघतो. आतल्या पावांना एवढंच सांगतो, पोरांनो, घाई करू नका.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर फाटकातून आत चौदा मोजा आणि माझ्यापाशी जरा थांबा. सलाम नको. खारं लोणी असेल थोडं, तर तेवढं आणा.