गौरीमाथ्याला दोन टोकं

मनोहरराव घरी आले की मला धास्तीच वाटते. अडुसष्ट साली ते असेच प्रताप नगरहून सायकल मारत आले आणि त्यांच्या गिर्यारोहण मंडळासाठी आमच्या ह्यांना हिमालयात घेऊन गेले. मोठ्या महादेवाच्या यात्रेत पचमढीचे कडे चढायची ह्यांना सवय होती, तेवढंच निमित्त. हे परत आले ते उजव्या पायाची सगळी बोटं बर्फाला देऊन. विणकराला मागाच्या पावड्या पायानेच दाबाव्या लागतात. तेव्हापासून मागावर मी बसते आणि हे बायकांसारख्या सुताच्या कांड्या भरतात.

पण सत्कार झाला होता, हार पडले होते. त्या शिखराचा, गौरीमाथ्याचा, सगळा इतिहास मला पाठ झालाय, कारण येईल त्याला हे तो ऐकवतात. शेवटच्या गावापासूनही कितीतरी दिवसांची चाल. मग हिमनदी, म्हणजे वाहताना न दिसणारी बर्फाची नदी, आणि तिच्यात घर गडप होईल एवढ्या भेगा. इंग्रज साहेब तिथूनच परत फिरले. नंतर कलकत्त्याची मंडळी अर्ध्यावरून आली. आणि मग आपले चंपतराव सगळ्यांत आधी वर. लोकांसमोर हे स्वतःला चंपतरावच म्हणतात.

ह्या वेळी मनोहरराव खाटेवर बसले ते खाली मान घालून.

"चंपतराव, यंदा दुसरी एक टोळी गौरीमाथ्यावर जाऊन आली. ते म्हणतात का त्याले दोन टोकं आहेत. हिमनदीतून पुढचंच दिसते. खरं उंच टोक त्याच्या मांगं लपलं आहे. तुमी ओटीसाठी नेलेला खण त्याइले पुढच्या टोकाखाली बर्फात भेटला. तुमी मांगच्या टोकावर गेलते का?"

"नाही," हे म्हणाले.

"पण वरून ते दिसलं तर असन?"

"मी वरतं गेलोच नाही गा भाऊ. हातभर खाली थांबलो. देवीची ओटी ठेवली, डोकं टेकवलं न उतरलो."

मनोहरराव बघतच राहिले. "काहून?"

हे का थांबले ते मला माहीत होतं. निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, देवीचं डोकं आहे ते, त्याच्यावर पाय देऊ नको बापू. आणि त्या, प्रयागबाई, तिथेच दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. अजून हातभर चढले असते तर पलीकडचं टोक ह्यांना दिसलं असतं. मला काही सुधरेना. मग बोटं गेली ती कशापायी? राग कोणावर काढायचा, डोंगरावर, देवीवर, की दाराशी बसलेल्या म्हातारीवर?

मनोहरराव हळूच म्हणाले, "मी मंडळाले कळवून टाकतो, तुमी मांगच्याही टोकावर जाऊन आले म्हणून. तिथं कोण पाहाले जाते?"

हो म्हणा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. खोटं तर खोटं. त्या बोटांच्या बदल्यात आमच्याकडे तेवढा मान सोडून दुसरं होतं काय?

"नाही भाऊ. खोटं नका लिहू. आपण नाही पोचलो, तेच सांगा."

सासूबाईंचा हात सुपात थांबला. "बापू, माह्या बोलण्यानं थांबला का तू?"

"नाही वं माय. धुकं होतं. काहीच दिसून नाही राहिलं होतं, म्हणून थांबलो."

"धुकं? त्या दिवशी तर आभाळ..." मनोहररावांनी तोंड उघडलं तोच मी चहाचा कप त्यांच्या हातात कोंबला. चहा थोडा त्यांच्या धोतरावर सांडला, तरी मला त्याचं काही वाटलं नाही. सासूबाई पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. हे मनोहररावांना पोचवायला लंगडत कोपऱ्यापर्यंत गेले.

मी कपबशा उचलत होते. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं.

"प्रेमिला, एवढं धुकं होतं, तर टोक हातभर वर आहे हे त्याले कसं समजलं वं?"

खरं सांगावं तर ह्यांनी झाकलेलं मी उघडं करणार, आणि खोटं बोलावं तर त्या माझ्या तोंडाकडेच पाहत होत्या. त्यांनी माझ्या उत्तराची वाटही पाहिली नाही. बाहेर ह्यांचं पाऊल वाजलं तशा त्या घाईने माझ्या कानाशी आल्या.

"मले समजलं, हे त्याले नको सांगजो."