तेजराम पाटावर बसेना

त्या रविवारी तेजराम किती वेळ उभा होता, यावर भिलाईच्या कोहक्यात अजून एकमत नाही. शेजारची कलावती पाच तास म्हणते. मांडववाला सात म्हणतो, आणि वर एका पायावर म्हणतो. आपण अडीच धरू. उरलेले लोकांनी प्रेमानं घातलेले आहेत.

बसायला जागा नव्हती असं नाही. नात टीनाचं साक्षगंध होतं. घरासमोरच्या मांडवात दोनशे खुर्च्या होत्या आणि पुढे दोन पाट मांडले होते: एक मुलाच्या आजोबांसाठी, एक तेजरामसाठी. दोघा आजोबांनी शेजारी बसून एकमेकांना कुंकू लावायचं, मग अंगठ्या, अशी मुलाकडच्यांची रीत. आजोबा बसल्याशिवाय पोरीच्या बोटात अंगठी जायची नाही. आणि इकडे तेजरामच्या कमरेला, कोटाखाली, सहा गोळ्या भरलेलं रिव्हॉल्वर घोडा अर्धा उचलून तयार होतं.

त्याचं असं झालं. तेजराम छत्तीस वर्षं स्टीलच्या प्लांटात, रोलिंग मिलमध्ये काढून रिटायर झाला आणि पद्मनाभपुरातल्या एका सराफाकडे गनमॅन लागला. लायसन्स त्याचं, रिव्हॉल्वर त्याचं, आणि कातड्याचं होल्स्टर भिलाई-३ च्या भैय्याजीनं शिवलेलं. हातात देताना भैय्याजी बजावून बोलला होता, "काका, इसको तेल मत पिलाना. चमड़ा कड़क रहेगा तभी मुँह खुला रहेगा. और डालते समय आँख से देख के डालना. अटका, तो वहीं रुक जाना."

तेजरामनं मान हलवली. पण तो भंडाऱ्याकडच्या बैलवाल्याचा पोरगा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बापाजवळ बसून बैलांच्या घुंगरपट्ट्यांना जवसाचं तेल चोळण्यात त्याचं लहानपण गेलेलं. भिलाईत बैल नाही, गोठा नाही. पोळा आला की हात नुसते शिवशिवायचे. घरात कातडं काय ते एवढंच. त्यानं होल्स्टरला तेल पाजलं. दसऱ्याला पुन्हा पाजलं. दिवाळीत तर कोमट करून पाजलं. होल्स्टर असं मऊ पडलं की बायको मैनाबाई म्हणाली, "पुरणपोळी वानी झालं हे. तूप टाकून वाढू का तुमाले?"

साक्षगंधाच्या दिवशी अर्धी ड्युटी करून तो घरी आला. आल्याबरोबर रिव्हॉल्वर रिकामं करायचं आणि कपाटात कुलपात ठेवायचं, हा त्याचा रोजचा नेम. बाहेर काढलंही होतं. तेवढ्यात अंगणात ओरडा झाला, "मंडळी आली!" आणि तेजरामच्या डोक्यात किडा वळवळला. मुलाचे आजोबा मारोतराव प्लांटातले साहेब, तीस वर्षं सेफ्टीचं खातं सांभाळलेले. त्यांचं हेल्मेट पांढरं, तेजरामचं जन्मभर पिवळं. आज आपल्याही कमरेला काही वजन दिसावं, असं त्याला वाटलं. दाराकडे पाहत पाहतच त्यानं रिव्हॉल्वर होल्स्टरात ढकललं. काहीतरी अटकलं. त्यानं आणखी जोर लावला.

कुट्!

खाली पाहतो तर होल्स्टरचा मऊ काठ आत दुमडून ट्रिगरच्या कडीत शिरलेला, आणि घोडा अर्धा वर. आणखी सुतभर ढकललं असतं तर उजवं पाऊल गेलं होतं. काढायला म्हणून त्यानं मुठीला बोट लावलं, तर घोडा हलल्यासारखा वाटला. बोट काढून घेतलं. हळूच कोट खाली ओढला. आणि तिथून तो जो चालू लागला, तो थांबेचना.

मागच्या खोलीत गेला, तिथं बाया टीनाला साडी नेसवत होत्या. बाथरूमकडे गेला, पुढे चार जण उभे. गच्चीवर पोरांचा धुडगूस. एकट्यानं पट्टा सोडावा अशी वीतभर जागा घरात उरली नव्हती, आणि नळीचं तोंड वळवावं तिकडे कोणाचे ना कोणाचे पाय. एक लेकरू धावत आलं आणि त्याच्या उजव्या पायाला लटकलं. तेजरामच्या अंगातून इतका घाम निघाला की खालची धूळ बसली.

"कावून फिरून राहिले हो तुमी?" मैनाबाईनं अडवलं. "भिंगरी बांधली का पायाले?"

"पोट गच्च झालं. पचून नाही राहिलं."

"अजून खाल्लंच काय तुमी?"

हे कलावतीनं ऐकलं. न बसणारा, न खाणारा माणूस म्हणजे नवसच असणार, असं तिनं ठरवलं आणि शेजारणीला सांगितलं. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बातमी पोचेपर्यंत तेजराम बारा वर्षांपासून उभा झाला होता. दोन म्हाताऱ्या येऊन पायाच पडल्या. त्यानं घाईनं डावा पाय पुढे केला.

शेवटी मारोतराव पाटावर बसले. शेजारचा पाट थोपटून म्हणाले, "या तेजरामजी, बसा."

"तुमी बसा साहेब. मी उभाच बरा."

"अहो, मुहूर्त टळतोय. बसा."

"बसतो नं... थोड्या वेळानं."

तिसऱ्यांदाही तो बसला नाही, तेव्हा मारोतरावांचं तोंड आखडलं. त्यांच्या बायकोनं, कमलिनीबाईंनी, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आमच्या बाजूला बसायला कमीपणा वाटते का यांना? तसं असेल तर आत्ताच सांगा. आमच्या नातवाचं, धनंजयचं, काही अडून नाही राहिलं."

टीना साडी सांभाळत जवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी. "आबा, बैठो ना. सब देख रहे हैं. माह्यासाठी तरी बसा."

तेजरामनं गुडघे वाकवायला घेतले. कोटाखाली कातडं करकरलं. मांडी घालायची म्हणजे होल्स्टर आडवं होणार, आणि आडव्या नळीपुढे येणार होता मारोतरावांचा गुडघा. तो तसाच अर्धवट लटकला. एका डोळ्यासमोर मोडलेलं लग्न, दुसऱ्यासमोर फुटलेला गुडघा. मग सरळ उभा झाला.

"साहेब, माह्या कमरेले गोळ्या भरेल रिव्हॉल्वर अटकून हाय. बसलो तं तुमचा गुडघा जाते."

दोनशे खुर्च्या एकदम वाजल्या. पण मारोतरावांच्या अंगात तीस वर्षांची सेफ्टी जागी झाली. "धावायचं नाही!" त्यांनी असा आवाज दिला की आचाऱ्याचा झाराही कढईत थांबला. "लेकरं आधी. सगळे डावीकडून रस्त्यावर. तेजरामजी, हात वर. त्याला हात लावू नका."

मांडव रिकामा झाला. शेजारी नव्या घराच्या कामाची रेती पडली होती. मारोतराव तेजरामला पावलापावलानं ढिगापाशी घेऊन गेले. "आता ओढायचं नाही, दाबायचं नाही. पट्टा सोडा. होल्स्टर आहे तसंच, सगळं धूड पट्ट्यातून सरकवा. नळी रेतीकडेच."

पट्टा सुटला, तशी पँटही सुटू लागली. रस्त्यावरून मैनाबाईनं मांडवाच्या सुतळीचा गुंडा भिरकावला, "बांधा आधी! व्याही पाहून राहिले!"

नळी रेतीत रोवून मारोतरावांनी मांडववाल्याकडून घेतलेल्या कटरनं होल्स्टरची शिवण वरून खालपर्यंत उसवली. मऊ कातडं सालीसारखं बाजूला पडलं. ट्रिगर पुढे आला, घोडा हळूच खाली बसला. चक्री उघडून तेजरामनं सहाही गोळ्या रेतीवर काढल्या आणि रिकामी भोकं बोटानं चाचपून पाहिली.

मारोतरावांनी कातड्याचा तुकडा नाकाशी नेला. "जवस. कोणी लावलं?"

भैय्याजीचं कातडंच खराब निघालं, हे वाक्य तेजरामच्या जिभेवर आयतं आलं होतं. रस्त्यावर अख्खं कोहका कान टवकारून उभं होतं, आणि टीनाही.

"मीच," तो म्हणाला. "शिवणाऱ्यानं नाही म्हटलं होतं, तरी लावलं."

"आणि टाकताना पाहिलं का नाही?"

"तुमाले पाहून राहिलो होतो, साहेब."

मारोतरावांनी कटर मिटवला. मग म्हणाले, "तीस वर्षं अपघातांच्या चौकश्या केल्या. कोणी शिडीचं नाव सांगे, कोणी बेल्टचं. 'मीच' म्हणणारा आज पहिला भेटला." आणि रस्त्याकडे वळून ओरडले, "कमलिनी! अंगठी काढ."

रिव्हॉल्वर कपाटात गेलं, किल्ली मैनाबाईच्या कनवटीला गेली. तेजराम सुतळी धरून पाटावर बसला, आणि त्याच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की मांडवाची झालर हलली, असं मांडववाला म्हणतो. मारोतरावांनी कुंकू घेतलं. पण त्यांची नजर अजून तेजरामच्या कमरेवरच होती, आणि बोट कपाळ सोडून त्याच्या नाकावर गेलं.

"साहेब," तेजराम हळूच म्हणाला, "तुमाले भेव वाटलं होतं का?"

"मग? गुडघा माझा होता ना."