नेलपॉलिशचा ठिपका

तारणाचं यंत्र स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करायची नाही, हे ती बँकेत नवी असताना तिला तिच्या साहेबांनीच शिकवलं होतं. आणि बघून झालं की यंत्राच्या मागच्या पायाला, आतल्या बाजूनं, नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. तेच यंत्र उद्या दुसऱ्या कोणी आपलं म्हणून दाखवलं तर लगेच पकडता येतं. ही युक्ती साऱ्या बँकेत या दोघांनाच ठाऊक होती.

आज साहेब स्वतः तिच्याबरोबर कारखान्यात आले, हेच मुळात नवल. एरवी खुर्ची सोडतील तर शपथ! कारखान्याचा मालक गोडगोड बोलून डोकं खात होता. छपाईचं यंत्र कोरं करकरीत आहे, परवाच आलंय, मॅडमनी सही केली की संध्याकाळी पैसे सुटतील, असं त्याचं टुमणं चाललं होतं. साहेब नुसती मान डोलवत होते.

ती वाकली. मागच्या पायाला, नेमक्या त्याच जागी, नखाएवढा भाग खरवडून वर रंग फासला होता. ओलाच होता, बोटाला लागला.

ही जागा मालकाला सांगितली कोणी? तिनं तर नाही. मग उरलं कोण? बारा वर्षं ज्यांना बापाच्या जागी मानलं, तेच ना!

"झालं का बघून?" साहेबांनी पेन पुढे केलं.

"एक मिनिट, साहेब."

ती पलीकडे जाऊन गुडघ्यांवर बसली आणि मोटारीच्या झाकणाखाली मोबाइलचा उजेड पाडला. गेली दोन वर्षं ती प्रत्येक यंत्राला इथे दुसरा ठिपका देत होती, कोणालाही न सांगता. नसू दे, नसू दे, असं ती मनात घोकत होती. असला, तर याच यंत्रावर आधी दुसऱ्याला दिलेलं कर्ज बुडालं, आणि साहेबही गेले.

ठिपका होता. लालभडक.

तिनं उजेड तसाच धरून ठेवला. साहेब वाकले, बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा कधीपासून देतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, कोणावर विसंबून राहू नकोस, माझ्यावरसुद्धा."

ती उठताना त्यांनी सवयीनं हात दिला. तिनं फक्त पेन घेतलं. 'यंत्र आधीच तारण आहे, कर्ज देऊ नये,' असं लिहून तिनं खाली सही केली. मग मात्र तिला रडू आवरेना.