न भांडणारी सून

माझी सून भांडत नव्हती, हीच माझी तक्रार होती. लोक हसायचे. शेजारची बनुबाई तर विहिरीवर तोंडावर म्हणाली, "चिमाबाई, तुला सुख बोचतंय गो." बोचणारच. भाकरी जाड झाली म्हटलं की गौतमी "बरं आई" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पातळ थापायची. पातळ झाली म्हटलं तरी "बरं आई". एकदा मुद्दाम म्हटलं, "तुमी महाडची मानसं, दुकानातला तांदूळ खानारी. भाताची चव तुमाला काय कळनार?" माझ्या सासूनं मला असं म्हटलं असतं तर मी तपेली आपटली असती. आपटलीच होती, तिचा पोचा अजून आहे. हिनं नुसता पदर सारखा केला.

आमची वाडी वरंधच्या वर, डोंगराच्या काखेत. तेव्हा वाडीत फोनसुद्धा आला नव्हता. मुलगा पांडू मुंबईला दुधाच्या गाडीवर, शिमग्या-गणपतीला येणार. घरात मी, गौतमी आणि जनावरं. जनावरं तिच्यापेक्षा जास्त बोलायची.

मग एके दिवशी मांजरीची पिल्लं बघायला भाताच्या कणगीमागे वाकले, तर तिथं गौतमीची पिशवी. घड्या घातलेल्या साड्या, वर फणी, कुंकवाची डबी. बांधून तयार. कधीपासून होती देव जाणे. मी पिशवी होती तशी ठेवली. अशी माणसं सांगून जात नाहीत. आदल्या दिवसापर्यंत "बरं आई", आणि सकाळी उठून एसटी. पांडूचा संसार असा एका सकाळीत मोडायला निघाला होता, आणि घरात कुणाचा आवाज चढला नव्हता.

त्याच दिवसांत कुशाबाशी माझं वाजत होतं. कुशाबा माझा चुलत दीर. वाडीखालचा सगळा उतार त्याचा. शिमग्याच्या आधी, गवतावर दव असताना, त्या उताराचा वरचा काठ आम्ही दरसाल जाळायचो. जांभळीचे ओले डहाळे घेऊन सगळ्यांनी उभं राहायचं, आग वाकडी गेली की झोडपायची. घरांखाली काळा पट्टा राहिला की उन्हाळा निवांत. पण कुशाबानं म्हशी घेतल्या आणि गवताची काडी जाळू देईना. माझी सून आली त्याच वर्षापासून.

"बघ वयनी, कुठं काय झालं? उगा भीती घालतेस."

"काय झालं नाय म्हनूनच सांगते. कापायला तुझे दोन हात, आनि गवत डोंगरभर. जुन्यावर नवं वाळत चाललंय. तुझा डोंगर पेटायला बसलाय."

"कोन पेटवनार हाय?"

"कुनी पन."

तो हसला. त्याला वाटलं, मला माणसाचं नाव सांगता येत नाही म्हणून मी हरले.

चैत्रातली दुपार. पुरुषमाणसं खाली वरंधला लग्नाला गेली होती. कुशाबा तेवढा गुडघा धरून घरी. आधी धूर दिसला, मग आवाज आला. पाचोळा तुडवत गुरांचा कळप यावा तसा. आग खालून वर येत होती, आणि चढणीला आग माणसापेक्षा जोरात पळते. बायका हंडे घेऊन धावल्या.

"हंडे ठेवा," मी ओरडले. "काठ जाळा. ती वर यायच्या आत आपनच जाळायचा. मोठी आग वारा ओढते, आपली आग तिच्याकडंच जाईल."

कुशाबा काठी घेऊन आडवा. "माझ्या गवताला कुनी हात लावायचा नाय."

"मेल्या, आता गवत पन नाय ऱ्हानार आनि म्हशी पन नाय."

"तू लई शानी. तुला कायम माझंच खुपतं."

मग मीही कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. त्याच्या बापापासून सुरुवात केली. धूर डोळ्यांत जात होता तरी माझा मुद्दा संपत नव्हता.

"गप्प बसा दोघंही."

असा आवाज वाडीत कुणाचा नव्हता. मी वळले. गौतमी. चुलीतलं जळतं लाकूड हातात, पदर खोचलेला.

"काका, बाजूला व्हा, नाहीतर तुमच्या धोतरापासूनच सुरुवात करीन. आणि आई, तुम्ही तोंड चालवू नका, डहाळा चालवा. भाकरी जाड, भाकरी पातळ, माझं माहेर काढायचं. आता घर जळायला आलं तरी तुम्हाला भांडणच हवंय?"

कुशाबा बाजूला झाला. गुडघा विसरून झाला.

ती काठानं गवत पेटवत निघाली आणि बोलत निघाली. लोणच्याची बरणी तिनं फोडली नव्हती, मांजरीनं फोडली होती. तिच्या वडिलांना मी गूळ-पाणी न विचारता बसवून ठेवलं होतं. पांडूच्या चिठ्ठ्या मी आधी वाचून घेत होते. आम्ही बायका मागून झोडपत होतो आणि ऐकत होतो. बनुबाईचा डहाळा तर ऐकता ऐकता हवेतच राहायचा. मी रोज काडी लावणारी, पण मलाही वाटलं नव्हतं, एवढं साचलेलं असेल.

आमची आग आधी घुटमळली. मग खालच्या आगीनं तिला ओढलं आणि दोघी एकमेकींकडे धावल्या. भेटल्या तिथं माडाएवढी ज्वाळा उठली आणि बसली. खायला काही उरलंच नव्हतं. वाडीतलं एक कौल तडकलं नाही, एक वासरू दगावलं नाही. लग्नाचं जेवून परतलेल्या पुरुषांना आम्ही काळ्या तोंडांनी काळं रान दाखवलं. कुशाबानं पांढरं निशाण दाखवावं तसा डोक्याचा पंचा काढून माझ्या पुढ्यात ठेवला. मी तो तोंड पुसायला घेतला.

मग आग कुणाच्या बिडीनं लागली ते पुरुष शोधू लागले. त्या वाटेवर रोज बिड्या पडतात. बिडीनं डोंगर पेटत नाही. तो पेटायला बसलेला असतो, बिडी निमित्ताला. काठ दरसाल जाळला असता, तर आग काळ्या पट्ट्याशी येऊन उपाशी मेली असती.

दिवेलागणीला गौतमीनं माझ्यासमोर चहा ठेवला. डोळे वर केले नाहीत. आत गेली आणि पिशवी घेऊन आली.

"मी जाते, आई. एवढं बोलल्यावर इथं कुठल्या तोंडानं राहू?"

मी चहाचा घोट घेतला. कप दोन्ही हातांनी धरला.

"चहा पांचट झालाय," मी म्हटलं.

ती थबकली. तिच्या ओठांवर "बरं" आलेलं मी पाहिलं. ते तिनं गिळलं.

"मग उठा आणि करून घ्या तुमचा तुम्ही. माझे हात भाजलेत."

हात दाखवायला तिला पिशवी खाली ठेवावी लागली. मी खोबरेल तेलाची बाटली ओढली, तिचा तळवा मांडीवर घेतला आणि निवाडा दिला.

"तीन वर्सं वाईट सून व्हतीस गो तू. आज कुठं बरी झालीस. पिशवी ने आत. आनि उद्या भाकरी जाड झाली म्हनले, तर तिथल्या तिथं बोल."